युनिक्स प्रणालीतील निदान-माहितीचे संकलन

युनिक्सवर किंवा लिनक्स, सोलारिस, एआयएक्स, फ्रीबीएसडी यांसारख्या तिच्या घराण्यातल्या प्रणालीवर बिघाड झाला असता, कारणाचा शोध घेता यावा म्हणून प्रणालीची त्या क्षणाची स्थिती, लॉग आणि सेटिंग जतन करण्याच्या कामास निदान-माहितीचे संकलन म्हणतात. हे काम प्रशासकाचे असते. कारण कोणीही शोधले, मग तो स्वतः प्रशासक असो, प्रोग्राम लिहिणारा असो वा विक्रेत्याचा अभियंता, त्याच्या हाती येते ते प्रशासकाने वेळेवर टिपलेलेच.

सर्व्हर अडकला की रीस्टार्ट करा, असा तगादा चहूकडून सुरू होतो. रीस्टार्टने सेवा परत येते. पण मेमरीतील सगळा पुरावा पुसला जातो आणि बिघाडाचे मूळ तसेच राहते. म्हणून जे लवकर नाहीसे होते ते आधी टिपावे, हा या कामाचा पहिला नियम. आयईटीएफने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरएफसी ३२२७ या मार्गदर्शिकेत हा क्रम दिला आहे: प्रोसेसरची रजिस्टरे व कॅश, मग राउटिंग आणि प्रोसेस यांचे तक्ते व मेमरी, त्यानंतर तात्पुरत्या फाइली आणि डिस्क. ही मार्गदर्शिका सुरक्षाभंगाच्या तपासासाठी लिहिलेली असली, तरी साध्या बिघाडालाही ती तितकीच लागू पडते.

कर्नलचे संदेश 'डीमेसेज' दाखवते. ते ठरावीक आकाराच्या वर्तुळाकार बफरमध्ये असतात. नवे आले की जुने पुसले जातात. सिस्टिमडी वापरणाऱ्या लिनक्सवर व्हार-लॉगखाली जर्नल नावाची डिरेक्टरी नसेल, तर मूळ सेटिंगनुसार जर्नल केवळ मेमरीत राहते आणि रीबूटबरोबर जाते. अनेक प्रशासकांना हे बिघाडानंतरच कळते.

चालू स्थितीसाठी 'पीएस', 'व्हीएमस्टॅट', 'आयओस्टॅट' आणि 'एसएस' या नेहमीच्या कमांड. लिनक्सवर 'व्हीएमस्टॅट'ची पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी सांगते. त्यामुळे ती एकदाच चालवून मिळालेला आकडा निरुपयोगी. पाच-पाच सेकंदांनी निदान डझनभर ओळी घ्याव्यात. लोड अ‍ॅव्हरेजही जपून वाचावा लागतो. लिनक्स त्यात प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या प्रोसेसबरोबर 'डी' अवस्थेतल्या, म्हणजे बहुधा डिस्क किंवा एनएफएसच्या उत्तरासाठी अडलेल्या प्रोसेसही मोजते. लोड चढलेला आणि प्रोसेसर रिकामा, असे दिसले तर आधी स्टोरेजकडे पाहावे. 'डी'मध्ये अडकलेली प्रोसेस सहसा किल-९लाही दाद देत नाही. पण कर्नलमध्ये ती नेमकी कुठे थांबली आहे, हे तिच्या प्रॉक डिरेक्टरीतील स्टॅक या फाइलीत रूटला वाचता येते.

प्रोसेसला फाइलींच्या रूपात मांडणारी ही प्रॉक फाइल सिस्टिम टॉम किलियन यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्सच्या आठव्या आवृत्तीसाठी तयार केली आणि १९८४ मध्ये निबंधातून मांडली. तिचे मोल एका नेहमीच्या प्रसंगात कळते. 'डीएफ' म्हणते डिस्क भरली, 'डीयू'ला मात्र तेवढ्या फाइली सापडत नाहीत. कोणीतरी मोठा लॉग पुसलेला असतो, पण लिहिणाऱ्या प्रोसेसने तो अजून उघडा धरलेला असतो. शेवटची प्रोसेस तो सोडेपर्यंत जागा सुटत नाही. 'एलएसओएफ' अशा फाइली दाखवते. प्रोसेस मारली की जागा मोकळी होते आणि लॉगही कायमचा जातो. त्याआधी प्रॉकमधील त्या प्रोसेसच्या एफडी डिरेक्टरीतून तो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घेता येतो, आणि बिघाडाचे कारण अनेकदा त्याच लॉगमध्ये असते.

अडकलेल्या प्रोसेसचा मेमरी-ठसा, म्हणजे कोअर फाइल, 'जीकोअर' तिला न मारता घेते. जावाच्या प्रोसेसला किल-३ पाठवले की सर्व थ्रेडची स्थिती छापून येते. 'एसट्रेस' प्रत्येक सिस्टिम कॉल दाखवते, पण त्यासाठी प्रोसेसला वारंवार थांबवते. गर्दीच्या डेटाबेसवर ती चालवणे धोक्याचे. सन कंपनीच्या ब्रायन कँट्रिल, माइक शापिरो आणि अ‍ॅडम लेव्हेंथल यांनी घडवलेले, २००५ च्या सोलारिस १० बरोबर आलेले डीट्रेस सेवेत असलेल्या यंत्रावर निर्धोकपणे चालवता यावे, याच हेतूने रचले होते. लिनक्सवर आज तशा कामासाठी ईबीपीएफवर आधारलेली साधने वापरतात.

सगळे एकत्र बांधणारी साधने विक्रेतेच देतात: रेड हॅटवर 'एसओएस', एआयएक्सवर 'स्नॅप', सोलारिसवर 'एक्सप्लोरर'. गठ्ठा संशयित डिस्कवर लिहू नये. यंत्राचे घड्याळ आणि त्याचा टाइमझोनही टिपावा. पुण्यात बसून परदेशातले सर्व्हर सांभाळणाऱ्याला यूटीसी आणि भारतीय वेळ यांतील साडेपाच तासांचा फरक सहज चकवतो. कोअर फाइलीत पासवर्ड व खासगी किल्ल्या, तर 'टीसीपीडंप'ने पकडलेल्या पॅकेटांत ग्राहकांची माहिती असू शकते. त्या बाहेर पाठवण्याआधी परवानगी घ्यावी.

काही माहिती मात्र बिघाडानंतर कितीही धडपड केली तरी मिळत नाही. यंत्राच्या कामगिरीच्या जुन्या नोंदी दाखवणाऱ्या 'सार'चा इतिहास सिसस्टॅट हे पॅकेज आधीपासून चालू असेल तरच असतो. त्याचे नेहमीचे अंतर १० मिनिटांचे. कोअर फाइलीची कमाल मर्यादा अनेक ठिकाणी शून्य ठेवलेली असते. कोसळलेल्या कर्नलची मेमरी जपणाऱ्या केडंपला बूटच्या वेळीच मेमरी राखून ठेवावी लागते. ती नीट राखली गेली आहे की नाही, हे सेटिंग वाचून नव्हे तर चाचणीनेच कळते: प्रॉकमधील सिसआरक्यू-ट्रिगर या फाइलीत सी हे अक्षर लिहिले की कर्नल मुद्दाम कोसळतो आणि डंप तयार व्हायला हवा. ही चाचणी प्रत्येक प्रशासकाने सर्व्हर सेवेत देण्यापूर्वीच उरकून घ्यावी.