के. पी. शर्मा ओली : राजेशाहीविरोधात 14 वर्षं तुरुंगात राहिलेल्या नेत्याची खुर्ची सोशल मीडिया बंदीनंतर कशी गेली?

4 सप्टेंबर 2025. नेपाळ सरकारने फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, युट्यूब, एक्स यांच्यासह 26 प्लॅटफॉर्म बंद करण्याचा आदेश काढला. 9 सप्टेंबरला पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांना राजीनामा द्यावा लागला. पण फक्त ॲप बंद केल्यामुळे सरकार पडतं का? उत्तरासाठी ओलींचा प्रवास बघावा लागतो.

तुरुंगातून सत्तेकडे

ओलींचा जन्म 1952 चा, पूर्व नेपाळमधल्या तेह्रथुम जिल्ह्यातला. लहानपणीच आई गेली, आजीने सांभाळलं. पुढे ते झापा जिल्ह्यातल्या कम्युनिस्ट चळवळीत उतरले. सीमेपलीकडच्या नक्षलबाडीचा या चळवळीवर प्रभाव होता. 1973 मध्ये त्यांना अटक झाली आणि सुटका थेट 1987 मध्ये. 1991 मध्ये ते खासदार झाले, 1994 मध्ये गृहमंत्री.

भारताशी पंगा

ऑक्टोबर 2015 मध्ये ते पहिल्यांदा पंतप्रधान झाले. नव्या संविधानावर मधेशी समाज नाराज होता आणि सीमेवरची मालवाहतूक ठप्प झाली होती. भूकंपातून सावरणाऱ्या नेपाळमध्ये इंधन आणि औषधांची टंचाई झाली. ही भारताने केलेली नाकेबंदी आहे, असा नेपाळचा आरोप होता. भारताने तो फेटाळला. ओलींनी चीनसोबत वाहतूक करार केला आणि त्यांची राष्ट्रवादी नेता अशी प्रतिमा तयार झाली.

2020 मध्ये त्यांच्या सरकारने लिपुलेख, कालापानी आणि लिंपियाधुरा नेपाळच्या नकाशात दाखवले. त्याच वर्षी, खरी अयोध्या नेपाळमध्ये आहे, असं म्हणून त्यांनी आणखी एक वाद ओढवून घेतला.

संसद दोनदा बरखास्त

2018 मध्ये जवळपास दोन तृतीयांश बहुमत घेऊन ते परत आले. पण स्वतःच्याच पक्षात प्रचंड यांच्याशी बिनसलं. डिसेंबर 2020 मध्ये ओलींनी संसद बरखास्त करायला लावली. सर्वोच्च न्यायालयाने ती परत आणली. मे 2021 मध्ये पुन्हा तेच झालं. जुलैमध्ये न्यायालयाने हाही निर्णय रद्द केला आणि शेर बहादुर देउबा यांना पंतप्रधान करण्याचा आदेश दिला.

मग 2025 मध्ये काय झालं?

जुलै 2024 मध्ये ओली चौथ्यांदा पंतप्रधान झाले. कंपन्यांनी नोंदणी केली नाही, असं कारण बंदीसाठी देण्यात आलं. नोंदणी केलेलं टिकटॉक सुरूच राहिलं. पण तेव्हा नेत्यांच्या मुलांची ऐषारामी राहणी दाखवणारा 'नेपो किड्स' ट्रेंड जोरात होता. त्यामुळे आपला आवाज बंद केला जातोय, असं तरुणांना वाटलं. शिवाय लाखो नेपाळी परदेशात राबतात. त्यांचं घरच्यांशी बोलणं याच ॲपवरून होतं.

8 सप्टेंबरला तरुण रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला, त्या दिवशी 19 जणांचा जीव गेला. रात्री बंदी उठली, पण राग शमला नाही. दुसऱ्या दिवशी संसद भवन आणि सिंहदरबार पेटले, ओली गेले. आंदोलनातल्या मृतांचा आकडा पुढे 70 च्या वर गेला.

म्हणजे बंदी ही ठिणगी होती. भ्रष्टाचार, बेरोजगारी आणि वर्षानुवर्षं तेच ते चेहरे यांचा राग आधीपासून साचला होता. आणि विरोध वाढला की विरोधाची जागाच बंद करायची, हे ओलींनी आधी संसदेच्या बाबतीतही करून पाहिलं होतं. तेव्हा न्यायालयाने रोखलं, यावेळी विशीतल्या पोरांनी. त्यासाठी अनेकांना जीव गमवावा लागला.