चिनी आक्रमण, विरोधी पक्ष आणि नाशिकची बिनविरोध निवडणूक (१९६२-६३)

प्रस्तावना

परकीय सत्तेचे आक्रमण झाले असता विरोधी पक्षांनी कोणती भूमिका घ्यावी, हा संसदीय लोकशाहीतील एक अवघड प्रश्न आहे. सरकारला निःशर्त पाठिंबा द्यावा, तर सरकारच्या चुकांचा जाब विचारण्याचे कर्तव्य मागे पडते. जाब विचारावा, तर संकटकाळी देशाची एकजूट भंग केल्याचा आरोप पदरी येतो. स्वतंत्र भारतात या प्रश्नाची पहिली मोठी कसोटी १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी लागली. या कसोटीचा एक महत्त्वाचा अध्याय नाशिक लोकसभा मतदारसंघात घडला. १९६३ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण या मतदारसंघातून बिनविरोध निवडून आले. नाशिक शहर, लगतचे सातपूर आणि परिसरातील गावांच्या मतदारांना त्या वेळी मतदानाची संधीच मिळाली नाही. या घटनेच्या आधारे विरोधी पक्षांच्या प्रतिसादाचे स्वरूप व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संशयाचा कालखंड : १९५९ ते १९६२

आक्रमण उघड होण्यापूर्वी तीन वर्षे चीनच्या हेतूंविषयी विरोधी पक्ष संशय व्यक्त करीत होते. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे आणि ऑक्टोबर १९५९ मध्ये कोंगका खिंडीत चकमकी झाल्या. अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधल्याची माहितीही याच सुमारास संसदेसमोर आली. विरोधकांच्या आग्रहामुळे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपाने सप्टेंबर १९५९ पासून प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. परराष्ट्र धोरणाची कागदपत्रे संसदेपुढे ठेवली जावीत, ही मागणी अशा रीतीने विरोधकांनी मान्य करून घेतली होती.

तथापि विरोधी पक्ष एकमुखी नव्हते. जनसंघ, स्वतंत्र पक्ष व प्रजा समाजवादी पक्ष कठोर धोरणाची मागणी करीत होते, तर कम्युनिस्ट पक्षात या प्रश्नावर तीव्र मतभेद होते. महाराष्ट्रात याचा थेट परिणाम संयुक्त महाराष्ट्र समितीवर झाला. भाषिक राज्याच्या मागणीसाठी एकत्र आलेल्या समाजवादी व कम्युनिस्ट घटकांमध्ये तिबेट आणि चीन या विषयांवरून तणाव वाढला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर समितीला बांधून ठेवणारा धागा सैल झालाच होता. हिमालयाच्या सीमेवरील प्रश्नाने तो अधिकच विरला.

आक्रमण आणि पहिला प्रतिसाद

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने लडाख व ईशान्य सीमा विभाग या दोन्ही आघाड्यांवर मोठा हल्ला चढविला. २६ ऑक्टोबरला राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली. विरोधी पक्षांनी सरकारला सहकार्य देऊ केले. परंतु त्याबरोबर दोन मागण्याही केल्या. संसदेचे अधिवेशन तातडीने बोलवावे, ही पहिली मागणी होती. जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी त्या वेळी राज्यसभेचे सदस्य होते व या मागणीत ते पुढे होते. त्यानुसार ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झाले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी पद सोडावे, ही दुसरी मागणी होती. तिला काँग्रेसमधूनही मोठे बळ मिळाले आणि ७ नोव्हेंबरपर्यंत मेनन मंत्रिमंडळाबाहेर गेले. युद्ध चालू असताना संसदेत सरकारच्या सिद्धतेवर कठोर टीका झाली आणि तरीही आक्रमणाच्या निषेधाचा ठराव १४ नोव्हेंबरला संमत झाला. पाठिंबा आणि टीका एकाच वेळी शक्य आहेत, हे यातून दिसून आले.

कम्युनिस्ट पक्षाची स्थिती सर्वांत बिकट होती. पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने १ नोव्हेंबरला चीनच्या कृतीचा निषेध करून देशाच्या संरक्षणाला पाठिंबा दिला. पक्षाचे अध्यक्ष श्रीपाद अमृत डांगे या भूमिकेचे प्रमुख पुरस्कर्ते होते. पक्षातील दुसऱ्या गटाला हा ठराव मान्य नव्हता. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात भारत संरक्षण नियमांखाली शेकडो कम्युनिस्टांना चौकशीविना स्थानबद्ध करण्यात आले. १९६४ मध्ये पक्ष दुभंगला, त्याच्या कारणांत हा अनुभवही होता.

कामगार क्षेत्रातही असाच प्रतिसाद मिळाला. ३ नोव्हेंबर १९६२ रोजी मध्यवर्ती कामगार संघटना व मालक संघटना यांनी औद्योगिक शांततेचा ठराव केला. संकटकाळात उत्पादनात खंड पडू द्यावयाचा नाही, असे त्यात ठरले. विरोधी पक्षांशी संलग्न संघटनाही त्यात सहभागी होत्या.

नाशिकची पोटनिवडणूक

मेनन यांच्या जागी नेहरूंनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना पाचारण केले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, अशी लोकोक्ती तेव्हापासून रूढ झाली. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी पदाची सूत्रे स्वीकारली. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तोही हाच दिवस. चव्हाण संसदेचे सदस्य नव्हते. संविधानाच्या अनुच्छेद ७५ नुसार सहा महिन्यांच्या आत सदस्यत्व मिळविणे त्यांना आवश्यक होते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत गो. ह. देशपांडे यांनी काँग्रेसतर्फे जिंकलेली नाशिकची जागा रिक्त झाली होती. तेथून चव्हाण उभे राहिले आणि १९६३ मध्ये बिनविरोध निवडून आले.

या घटनेचे महत्त्व नाशिकचा पूर्वेतिहास लक्षात घेतल्यावरच कळते. १९५७ मध्ये याच मतदारसंघाने काँग्रेसचा पराभव करून दादासाहेब तथा भाऊराव कृष्णराव गायकवाड यांना लोकसभेत पाठविले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात चव्हाण हे समितीच्या टीकेचे प्रमुख लक्ष्य होते. नोव्हेंबर १९५७ मध्ये प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले, त्या वेळी समितीने प्रचंड निदर्शने केली होती. ज्यांच्याविरुद्ध पाच-सहा वर्षांपूर्वी रान उठविले, त्यांच्याविरुद्ध निवडणुकीच्या रिंगणात कोणीही उरले नाही. संरक्षणमंत्र्याला प्रचारात गुंतवून ठेवू नये आणि शत्रूला दुहीचे दर्शन घडू नये, ही भावना त्या काळाच्या वातावरणाशी सुसंगत होती.

सौजन्य की माघार?

नाशिकचे उदाहरण विरोधी पक्षांच्या सर्वसाधारण धोरणाचे द्योतक मानणे मात्र चुकीचे ठरेल. मे १९६३ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकांत विरोधकांनी काँग्रेसशी निकराची झुंज दिली. अमरोहा येथून आचार्य कृपलानी, फर्रुखाबाद येथून डॉ. राममनोहर लोहिया आणि राजकोट येथून मिनू मसानी विजयी झाले. ऑगस्ट १९६३ मध्ये कृपलानींनी लोकसभेत नेहरू सरकारविरुद्ध पहिला अविश्वास ठराव मांडला. ठरावाच्या बाजूने ६२ आणि विरोधात ३४७ मते पडली. ठराव फेटाळला गेला, परंतु सीमेवरील पराभव, सक्तीची बचत योजना व वाढती महागाई यांवर सरकारला उत्तर द्यावे लागले. म्हणजे ज्या वर्षी नाशिकमध्ये संघर्ष टाळला गेला, त्याच वर्षी दिल्लीत तो अधिक धारदार झाला.

चव्हाण यांनाही त्यातून सूट मिळाली नाही. पराभवाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हेंडरसन ब्रुक्स समितीचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. मात्र संसदेच्या रेट्यामुळे सप्टेंबर १९६३ मध्ये चव्हाण यांना त्यातील मुख्य निष्कर्षांविषयी निवेदन करावे लागले. नाशिकने त्यांना स्पर्धेविना संसदेत पाठविले होते. उत्तरदायित्वातून मुक्त केले नव्हते.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. बिनविरोध निवडीत पक्षांनी दाखविलेल्या सौजन्याची किंमत मतदाराने मोजली. नाशिक-सातपूरच्या मतदाराला युद्धाच्या हाताळणीवर मतपेटीतून मत नोंदविता आले नाही. अमरोहा व राजकोटच्या मतदाराला ते आले. हा फरक लहान नाही.

सातपूर परिसरावरील परिणाम

१९६२ नंतरच्या काळात नाशिकचा चेहरा बदलला. मिग विमानांच्या निर्मितीचा कारखाना १९६४ मध्ये ओझर येथे आला. त्याचे श्रेय लोकस्मृतीत चव्हाण यांना दिले जाते. मात्र मिग विमानांसाठी सोव्हिएत संघाशी बोलणी युद्धापूर्वीच सुरू होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे. ऑगस्ट १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने सातपूर येथे औद्योगिक वसाहत उभारली. शेतीवर जगणारे हे गाव कामगारवस्ती बनले आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक महानगरपालिकेत समाविष्ट झाले. येथील उद्योगांची पायाभरणी झाली ती आणीबाणीच्या कायद्यांच्या छायेत. १९६२ ची आणीबाणी युद्धबंदीनंतरही चालू राहिली आणि जानेवारी १९६८ मध्येच उठविण्यात आली. संकटाच्या क्षणी विरोधकांनी मान्य केलेले विशेष अधिकार संकट सरल्यावरही पाच वर्षांहून अधिक काळ शासनाच्या हाती राहिले. ते परत घेण्याची मुदत प्रारंभीच ठरवून घेतली गेली नाही, ही विरोधी पक्षांची उणीव म्हणावी लागेल.

निष्कर्ष

१९६२-६३ च्या अनुभवावरून असे दिसते की, विरोधी पक्षांचा प्रतिसाद एकसाची नव्हता. आक्रमणापूर्वी त्यांनी माहितीची मागणी केली, आक्रमणकाळी सहकार्यासोबत जबाबदारी निश्चित करण्याचा आग्रह धरला आणि युद्धबंदीनंतर संसदेत व निवडणुकीत सरकारला आव्हान दिले. नाशिकची बिनविरोध निवडणूक या क्रमातील अपवाद होती. तिच्यात राष्ट्रीय एकजुटीची उदात्त भावना होती आणि मतदाराच्या अधिकाराचा संकोचही होता. सहकार्य किती द्यावे यापेक्षा ते कशासाठी व किती काळ द्यावे, हे स्पष्ट करणे विरोधी पक्षांसाठी अधिक महत्त्वाचे असते, हाच नाशिकच्या या घटनेचा बोध होय.