खाजगी मेघसंगणना, लघु : यंत्रसामग्रीची आखणी

संस्थेने आपल्याच आवारात, स्वतःच्या मालकीच्या सर्व्हरांवर, केवळ आपल्या उपयोगासाठी उभारलेली संगणनव्यवस्था. 1982 मध्ये चंद्रपुरापासून अलग झालेला गडचिरोली जिल्हा व मूळ चंद्रपूर या अरण्यमुलखात, दुर्गम तालुक्यांतील दूरसंचार जेथे पावसाळ्यात खंडित होतो तेथे, ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पातील कॅमेरा-सापळ्यांची छायाचित्रे किंवा 2006 च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांचे दफ्तर अशी माहिती जवळच जतन करण्याची तजवीज विशेष हितावह ठरते.

बहुमताने चालणाऱ्या सर्व्हरसमूहास सामान्यतः किमान तीन यंत्रे लागतात. प्रत्येकी 128 जीबी रॅम धरल्यास बेरीज 384 जीबी होते. परंतु एक यंत्र बंद पडूनही काम अखंड चालावे, यासाठी भार 256 जीबीच्या आतच राखावा लागतो. तसेच प्रत्येकी 8 टीबी साठवण असता, प्रत्येक माहितीच्या तीन प्रती ठेवल्यावर 24 टीबींपैकी 8 टीबीच हाती उरतात, आणि त्यांतही काही जागा मोकळी सोडावी लागते.

उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा 45° से. ओलांडतो, तर सर्व्हरच्या खोलीस 18° ते 27° से. तापमान मानवते. 1,200 वॅट वीज घेणारी यंत्रे जवळजवळ तितकीच उष्णता सोडतात; 1 टनाचे वातानुकूलन यंत्र सु. 3,500 वॅट उष्णता बाहेर टाकू शकते, तथापि दुसरे राखीव असावेच. जनित्र सुरू होईपर्यंतच्या अर्ध्या तासासाठी यूपीएसमध्ये किमान 600 वॅट-तासांची बेगमी हवी.

तिन्ही प्रती एकाच छपराखाली असल्यास आगीपुढे त्या निरुपयोगी होत. म्हणून चंद्रपुरातील संग्रहाची आणखी एक प्रत गडचिरोलीस ठेवणे अगत्याचे आहे.