जोडे कोठें काढावे?

औंढा नागनाथाच्या देवळापाशीं सकाळच्या प्रहरीं उभें राहिलें, म्हणजे देवाच्या आधीं दृष्टीस पडतात ते जोडे. शहरांतून आलेल्या मंडळींचे चकचकीत बूट, शेतकऱ्यांच्या जाड तळाच्या वहाणा, रबरी सपाता, लहान मुलांचे रंगीत जोडे, सारे एका ढिगांत धन्याची वाट पाहत पडलेले असतात. धनी आंत गेलेले असतात. यादवकालीन कोरीव भिंतींच्या पोटांत, अरुंद वाटेनें खालीं उतरून, जेथें नीट ताठ उभेंही राहतां येत नाहीं अशा लहानशा गाभाऱ्यांत ते अनवाणी बसलेले असतात. तेथें तहशीलदार कोण आणि मजूर कोण, हें पायांवरून ओळखण्याची सोय उरत नाहीं.

समारंभास किंवा सभेस कोणत्या वेषानें जावें, हा प्रश्न पाहुण्यास नेहमींच पडत आला आहे. आणि निरनिराळ्या समाजांनीं त्याचीं दिलेलीं उत्तरें परस्परांच्या अगदीं उलट आहेत. तीं पाहण्यासाठीं विलायतेस जाण्याचें कारण नाहीं, मराठवाड्यांत चार दिवस फिरलें तरी पुरे. वेरुळास घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यांत पुरुषास सदरा उतरून उघड्या अंगानें जावें लागतें. तेथून थोड्याच अंतरावर खुलदाबादेस सूफी संतांच्या दर्ग्यांत शिरतांना डोक्यावर टोपी किंवा रुमाल घेण्याची रीत आहे. नांदेडास सचखंड हुजूर साहिबांत पाय उघडे आणि मस्तक झांकलेलें, अशा दोन्ही गोष्टी पाळाव्या लागतात. युरोपीय रीतीच्या ख्रिस्ती मंदिरांत गेलेला पुरुष टोपी काढून हातांत घेतो, बूट मात्र पायांत तसेच ठेवितो. चारही ठिकाणीं मनांतला भाव एकच असतो, कीं आपण आपल्याहून थोर अशा कोणापुढें आलों आहों. परंतु एकाची नम्रता ती दुसऱ्याची अमर्यादा ठरावी, अशी ही वेषाची भाषा आहे.

आमच्याकडे पूर्वीं बोडक्या डोक्यानें सभेंत जाणें हें सुतकाचें किंवा अवकळेचें चिन्ह समजत. पगडी नीट बसलेली, अंगरख्याचे बंद बांधलेले, उपरणें खांद्यावर आणि जोडे दाराबाहेर, हा पेशवाईंतल्या सभ्य गृहस्थाचा वेष. साहेबाचें याच्या नेमकें उलट. आदर दाखवावयाचा तर तो टोपी काढी. जोडे काढून मोज्यांवर चालणें हें त्याच्या देशीं निजावयाच्या खोलींतलें काम. साहेबाचा आदर डोक्याकडून सुरू होई, आणि आमचा पायांकडून. दोघे जोंवर एकमेकांच्या घरीं पाहुण्यासारखे जात, तोंवर हा भेद मोठासा नडत नसे. १७९० सालीं टिपूविरुद्ध झालेल्या तहाच्या प्रसंगीं पुण्याच्या दरबारांत इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट हजर होता. त्या दरबाराचें चित्र जेम्स वेल्स यानें आरंभिलें आणि त्याच्या मृत्यूनंतर टॉमस डॅनियल यानें १८०५ सालीं पूर्ण केलें. त्यांत खुर्ची नाहीं. पाहुणे साहेब लोकही यजमानाच्या रीतीप्रमाणें खालीं बैठकीवरच बसलेले आहेत.

जोड्यांची भाषा आमच्या मुत्सद्द्यांस किती चांगली अवगत होती, याचें उदाहरण त्यानंतर दोनच वर्षांनीं त्याच पुण्यांत घडलें. १७९२ सालीं महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठीं वकील-इ-मुतलकीचीं वस्त्रें घेऊन आले. उत्तर हिंदुस्थान ज्यांच्या धाकांत होता असे हे सरदार, परंतु ग्रँट डफनें आपल्या इतिहासांत नमूद केलें आहे कीं, भेटीच्या वेळीं ते सर्व मानकऱ्यांच्या खालीं बसले, बगलेंतलें गाठोडें सोडून त्यांतून नवे जोडे काढले, ते सवाई माधवरावांपुढें ठेविले आणि पेशव्यांचे जुने जोडे स्वतःच्या बगलेंत घेतले. आपल्या वडिलांचें काम हेंच होतें, असें त्यांनीं बोलून दाखविलें. ही नम्रता किती खरी आणि किती राजकारणी, याची चर्चा तेव्हांपासून चालत आली आहे. आम्हांस येथें इतकेंच म्हणावयाचें आहे कीं, ती त्यांनीं आपखुषीनें दाखविली. जो जोडे उचलूं शकतो पण उचलण्यास बांधलेला नाहीं, त्याच्या उचलण्यास मोल असतें.

आतां या कथेचा दुसरा भाग पाहूं. औंढा नागनाथ हें गांव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, आणि जवळच हिंगोलीस इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या राज्याच्या दरबाराचा वेष ठरलेला होता. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी, डोक्यास दस्तार आणि कमरेस बगलूस नांवाचा पट्टा यांवांचून हुजुरांपुढें उभें राहतां येत नसे, मग अंमलदार मुसलमान असो कीं हिंदु. या दरबारांत इंग्रज रेसिडेंटही कित्येक पिढ्या जोडे बाहेर काढून गालिच्यावर खालीं बसत असे. १८६९ च्या फेब्रुवारींत निजाम अफजलउद्दौला वारले आणि गादीवर अवघ्या अडीच वर्षांचे मीर महबूब अली खान आले. तेव्हां साँडर्स नामक रेसिडेंटानें ती चाल मोडली, आणि पायांत बूट ठेवून तो खुर्चीवर बसला. राज्य तेंच आणि दिवाणखानाही तोच, परंतु एका जोड्यानें सर्वांस उमगलें कीं या घराचा खरा धनी आतां निराळा आहे. कांहीं तह शाईनें लिहिले जातात. हा तह बुटाच्या टाचेनें लिहिला गेला.

इंग्रजी मुलुखांत तर या प्रश्नास कायद्याचें रूप आलें. १८५४ सालीं गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलनें ठरविलें कीं, जे एतद्देशीय गृहस्थ युरोपीय पद्धतीचे बूट व मोजे वापरतात त्यांनीं ते सरकारी समारंभांत पायांत ठेवण्यास हरकत नाहीं. देशी जोडे मात्र पूर्ववत् बाहेरच निघावे. १८६८ सालीं लॉरेन्सच्या कारकीर्दींत या सवलतीचा पुन्हा हुकूम निघाला. मधल्या काळांत, १८६२ सालीं, सुरतेच्या अदालतींत एका पारशी गृहस्थास जोडे काढण्यास सांगण्यांत आलें. त्यांनीं नकार दिला आणि त्यावरून मोठा वाद माजला. वाचकांनीं या नियमाची मौज पाहावी. पाय तोच आणि माणूसही तोच, पण तो विलायती चामड्यांत असला तर सभ्य आणि देशी चामड्यांत असला तर दाराबाहेरचा! जोडे काढणें ही येथें यजमानाच्या घराची रीत राहिली नाहीं, कारण यजमान स्वतः ती पाळीत नव्हता. माणसांच्या दोन प्रती ठरविण्याचें तें एक माप झालें.

हाच वाद ब्रह्मदेशांत याहून घातक ठरला. मंडालेस मिंडोन राजापुढें जातांना परदेशी वकिलांस जोडे काढून जमिनीवर बसावें लागे. १८७५ साली फॉर्सिथची वकिलात जाऊन आल्यानंतर हिंदुस्थान सरकारनें ठरविलें कीं, यापुढें आपल्या वकिलानें जोडे काढावयाचे नाहींत. राजानें आपली रीत सोडली नाहीं. परिणामीं रेसिडेंटाची आणि राजाची समोरासमोर भेटच बंद झाली. १८८५ च्या युद्धाचीं कारणें व्यापाराचीं आणि राजकारणाचीं होतीं, हें खरें. परंतु बोलण्याचें दार जोड्यांवरून आधींच बंद झालें होतें. मिंडोनचा मुलगा थिबा राजा पदच्युत होऊन आमच्या रत्नागिरीस येऊन राहिला आणि १९१६ सालीं तेथेंच वारला. त्याचा राजवाडा पाहावयास जाणाऱ्या किती जणांस या जोड्यांच्या वादाची आठवण होत असेल, कोण जाणे.

दरबाराचा वेष नाकारूनही बोलतां येतें, हें १९११ सालीं दिल्लीस दिसलें. बादशहा पंचम जॉर्ज यांच्यापुढें सर्व संस्थानिकांनीं रत्नालंकार लेऊन यावें अशी अपेक्षा होती. बडोद्याचे सयाजीराव महाराज साध्या पांढऱ्या पोषाखांत, हातांत काठी घेऊन आले, एकदांच लवून त्यांनीं मुजरा केला आणि पाठ वळवून ते चालू लागले. विलायतेंत केवढा गहजब झाला! महाराजांस पुढें दिलगिरीचें पत्र लिहावें लागलें. परंतु ज्या समारंभांत हिऱ्यांची गर्दी होती, त्यांतला तो एक पांढरा अंगरखाच लोकांच्या स्मरणांत राहिला.

दरबार वाईट आणि देऊळ चांगलें, असा निकाल कोणी यावरून काढील तर तोही घाईचा होईल. औंढ्यास परत येऊं. येथून जवळच नरसी हें गांव आहे, तें नामदेवांचें जन्मस्थान मानतात. आख्यायिका अशी कीं, नामदेव या देवळापुढें कीर्तनास उभे राहिले असतां पुजाऱ्यांनीं त्यांस मागच्या बाजूस घालविलें. नामदेव मागें जाऊन गाऊं लागले, तेव्हां देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभें राहिलें. नामदेव जातीचे शिंपी. लोकांचीं अंगें झांकणारीं वस्त्रें ज्याच्या घरीं शिवलीं जात, त्यास दाराशीं उभें राहण्याजोगा वेष मात्र कोणी देऊं शकलें नाहीं. कारण अडवणूक वेषाची नव्हती, जन्माची होती. जोडे काढणारांत समता होती, पण ज्यांस जोडे काढण्यापुरतेंही दाराशीं येऊं देत नसत त्यांचें काय? नाशिकास काळाराम मंदिरापुढें १९३० सालीं सत्याग्रह सुरू झाला आणि पंढरपुरास १९४७ सालीं साने गुरुजींनीं उपोषण केलें, तें याच प्रश्नासाठीं. त्याच्याही आधीं, १९२७ च्या डिसेंबरांत, महाडास डॉ. आंबेडकरांनीं स्त्रियांस सांगितलें कीं, जात ओळखूं यावी अशी लुगडें नेसण्याची रीत आणि तसले दागिने सोडून द्या. वेषाचा नियम कोणी, कोणावर आणि कशासाठीं घातला, याची इतकी स्वच्छ जाण दुसरीकडे क्वचितच आढळेल.

तेव्हां नियम बरा कोणता आणि जाचक कोणता, हें कसें ओळखावें? आमच्या मतें दोन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली ही, कीं यजमान स्वतः तो नियम पाळतो काय? पुजारी अनवाणी असेल तर आम्हीं अनवाणी होण्यांत कमीपणा नाहीं. साहेब बुटांत बसून आमचे जोडे बाहेर काढवील तर त्यांत आदराचें नांव नाहीं. दुसरी ही, कीं गरिबांतल्या गरिबास तो पाळतां येतो काय? काढण्यास पैसा पडत नाहीं, घालण्यास पडतो. दस्तार आणि बगलूस ज्याच्या घरीं नाहीं त्याची दरबारांत वाट नाहीं. उलट गुरुद्वारांत जो रुमाल विसरून आला त्यास दाराशींच रुमाल मिळतो. नियम घालणारानेंच त्याचें साधनही पुरवावें, यासारखें सौजन्य नाहीं. आणि ज्या नामदेवास औंढ्यास मागें घालविलें म्हणतात, त्याचींच पदें गुरु ग्रंथ साहिबांत आदरानें गाइलीं जातात.

हल्लीं लग्नाच्या आमंत्रणपत्रिकांवर हळदीस अमुक रंगाचे आणि स्वागतसमारंभास अमुक तऱ्हेचे कपडे घालावे, अशा सूचना छापून येऊं लागल्या आहेत. हौसेस आमची ना नाहीं. परंतु पत्रिका लिहितांना घरच्या वडीलधाऱ्यांनीं एवढें मनांत आणावें कीं, आपला एखादा दूरचा आप्त ती सूचना वाचून पेटी उघडील, आंत पाहील, आणि कांहीं निमित्त सांगून घरींच राहील.

याच औंढ्याची आणखी एक कथा आहे. विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले नामदेवांनीं पाहिले आणि ते रागावले. विसोबा म्हणाले, जेथें देव नसेल तेथें माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय जिकडे नेत तिकडे पिंडीच दिसूं लागली. पाय कोठें ठेवावे याचें उत्तर शिष्यास त्या दिवशीं मिळालें. जोडे कोठें काढावे, याचें आमचें उत्तर त्यामानानें साधें आहे: यजमानानें आपले जेथें काढले असतील तेथें, त्याच्या जोड्यांशेजारीं.