नसलेल्या पुस्तकांचे कपाट

मागे एकदा वसईतल्या एका शाळेच्या ग्रंथालयात आम्हाला बोलावणे आले होते. कायमच्या बंद केलेल्या एका दारावर पुठ्ठ्याची पुस्तके चिकटवायची आणि त्यांच्या पाठींवर मुलांनी स्वतः रचलेली नावे लिहायची, असा ग्रंथपालबाईंचा बेत होता. मुलांनी धमाल केली. ‘विरार लोकलमध्ये बसून केलेला प्रवास’ (पाने दोन), ‘वेळेवर संपलेली भाषणे’, ‘गृहपाठ हरवण्याची शास्त्रीय कारणे’ (खंड १ ते १२, पैकी ७ वा हरवला आहे), ‘सुकेळी ओली कशी ठेवावीत’ अशी एकाहून एक नावे निघाली.

हसणे थांबल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘ही पुस्तके नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. पण प्रदर्शनाच्या तक्त्यावर आम्ही संदर्भ म्हणून जी पुस्तके लिहितो, ती आहेत हे कशावरून?’’ तिच्या ‘वैदिक गणित’ या तक्त्यावर ‘अथर्ववेदाचे परिशिष्ट’ असा संदर्भ होता. तो तिने पाहिलेला नव्हता, तिच्या शिक्षकांनी नव्हता आणि खरे सांगायचे तर तोवर आम्हीही नव्हता. तिच्या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले, ते येथे मांडत आहोत.

दारावर खोटी पुस्तके लावण्याची कल्पना जुनी आहे. १८५१ मध्ये कादंबरीकार चार्ल्स डिकन्स लंडनमधल्या नव्या घरात राहायला गेला, तेव्हा अभ्यासिकेचे दार कपाटासारखे दिसावे म्हणून त्याने ईल्स नावाच्या पुस्तकबांधणीकाराकडून खोट्या पाठी करवून घेतल्या. नावे त्याने स्वतः रचली. ‘चीनमध्ये पाच मिनिटे’ तीन खंडांत होते. ‘मांजराचे जन्म’ नऊ खंडांत, कारण इंग्रजी समजुतीप्रमाणे मांजराला नऊ जन्म असतात. न्यायालयातल्या एका ‘अल्पकाळ’ चाललेल्या दाव्याच्या इतिहासाला एकवीस खंड लागले होते. या साऱ्यांत ‘आमच्या पूर्वजांचे शहाणपण’ नावाची एक मालिका होती. तिच्या खंडांची नावे अज्ञान, अंधश्रद्धा, शिरच्छेदाचा ठोकळा, जाळण्याचा खांब, छळयंत्र, घाण आणि रोग अशी होती. शेजारीच ‘आमच्या पूर्वजांचे सद्गुण’ हे पुस्तक होते. ते इतके बारीक की नाव आडवे छापावे लागले!

ही थट्टा कोणाला फसवत नाही. दार उघडले की पुस्तके भिंतीसकट हलतात. थट्टेची फसवणूक केव्हा होते, ते बेल्जियममधल्या एका प्रकरणावरून कळते. १८४० मध्ये युरोपातल्या ग्रंथसंग्राहकांकडे फोर्तसाच्या दिवंगत काउंटच्या संग्रहाची लिलावसूची पोहोचली. ज्याची जगात एकच प्रत आहे असेच पुस्तक हा काउंट ठेवी, आणि अशी ५२ पुस्तके आता विकायची होती. लिलावासाठी १० ऑगस्टला बेंश या लहानशा गावी यायचे होते. मोठमोठे जाणकार निघाले, काही पोहोचलेही. तेथे ना लिलाव होता, ना पुस्तके, ना कधी तसा काउंट होऊन गेला होता. रेनिये शालों नावाच्या पुराणवस्तुप्रेमी गृहस्थाने ती सूची रचली होती. जाणकार फसले ते अज्ञानामुळे नव्हे. आपल्याला जे हवे आहे तेच सूचीत लिहिलेले दिसले, म्हणून फसले.

आता त्या मुलीच्या तक्त्याकडे वळू. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्णतीर्थ १९६० मध्ये निवर्तले आणि त्यांचे ‘वैदिक गणित’ हे इंग्रजी पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली १६ सूत्रे अथर्ववेदाच्या परिशिष्टातली आहेत, असे स्वामीजींचे सांगणे होते. अथर्ववेदाची परिशिष्टे खरोखरच आहेत. बोलिंग आणि नेगेलाइन यांनी १९०९-१० मध्ये ती संपादून छापली. १९५० मध्ये स्वामीजी लखनौला आले असता गणिताचे इतिहासकार कृपाशंकर शुक्ल ती छापील प्रत घेऊनच त्यांना भेटले आणि सूत्रे कोठे आहेत ते दाखवण्याची विनंती केली. ती सूत्रे इतर कोणत्या परिशिष्टात नसून आपल्या स्वतःच्या परिशिष्टात आहेत, असे उत्तर शुक्लांना मिळाले. खुद्द छापील पुस्तकाच्या प्रस्तावनेत संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीही सूत्रे ज्ञात परिशिष्टांत सापडत नसल्याचे मान्य केले आहे. प्रत्येक सूत्रावर एक असे १६ खंड स्वामीजींनी लिहून नागपूरला एका शिष्याच्या घरी ठेवले होते आणि ते तेथून नाहीसे झाले, असेही त्याच पुस्तकात नोंदले आहे. म्हणजे आपल्या नागपुरातल्या एका कपाटात १६ खंडांची अशी रांग होती, की जिच्यातले एक पानही आज कोणाला दाखवता येत नाही.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. पहिला प्रश्न : युक्ती बरोबर आहे का? ३५ चा वर्ग करताना ३ ला ४ ने गुणा, १२ आले. पुढे २५ लिहा, १२२५. हे नेहमीच जमते, कारण (१०अ + ५)² = १००अ(अ + १) + २५. फळ्यावर दोन ओळींत सिद्ध होते आणि त्यासाठी कोणत्याही ग्रंथाचा हवाला लागत नाही. दुसरा प्रश्न : ही युक्ती वेदकालीन आहे का? हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि येथे ग्रंथ दाखवावाच लागतो. पुस्तकात एक एकोणिसांशाचे आवर्ती दशांश रूप काढण्याची रीत आहे; वैदिक वाङ्मयात दशांश अपूर्णांक कोठेही नाहीत. पहिल्या प्रश्नाचे ‘होय’ दुसऱ्याला आपोआप लागू पडत नाही.

कोणी म्हणेल, जुने ग्रंथ हरवतातच. न सापडलेला ग्रंथ नव्हताच असे कसे म्हणावे? रास्त आहे. पण हरवलेला ग्रंथ मागे पाऊलखुणा ठेवतो. आर्यभटाचेच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलब्रुकला पुष्कळ शोधूनही त्याचा ग्रंथ मिळाला नव्हता. तो होता याविषयी मात्र शंका नव्हती, कारण ब्रह्मगुप्ताने त्याच्यावर नाव घेऊन टीका केली होती. १८६४ मध्ये मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी केरळातून ‘आर्यभटीया’ची हस्तलिखिते मिळवली, ती ब्रह्मगुप्ताच्या उल्लेखांशी ताडून पाहिली आणि १८६५ मध्ये निष्कर्ष छापला. आर्यभटाचा दुसरा एक ग्रंथ आजही हरवलेलाच आहे, तरी इतरांनी दिलेल्या उताऱ्यांवरून त्यातले बरेच काही ठाऊक आहे. नागपूरच्या १६ खंडांतला एकही उतारा दुसऱ्या कोणाच्या लिखाणात नाही.

पाऊलखुणांचे आणखी एक उदाहरण तर वसई तालुक्यातलेच आहे. भाऊ दाजींचे सहकारी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्याच वर्षी त्यांना तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. गिरनारला असे १४ लेख एकत्र कोरलेले आहेत. तेव्हा सोपाऱ्यात आठवाच तेवढा एकटा कसा असेल, बाकीचेही असणार, असा तर्क करता येत होता. तो तर्क होता, पुरावा नव्हता. पुढे ७४ वर्षांनी, १९५६ मध्ये, शेजारच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. इतर बारा अजून मिळालेले नाहीत. ते होते असे आपण म्हणतो, पण कशावरून म्हणतो तेही सांगू शकतो.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. वर्गात अशा थट्टेच्या पुस्तकांचे एक कपाट जरूर करावे. मुले भाषेशी खेळतात आणि ग्रंथसूची कशी दिसते तेही शिकतात. मग प्रकल्पाच्या संदर्भयादीतल्या प्रत्येक नावापुढे मुलांना एवढेच लिहायला सांगावे : हे पुस्तक मी स्वतः पाहिले, की दुसऱ्या पुस्तकात त्याचा उल्लेख वाचला, की नुसते ऐकले? तिन्ही उत्तरांना मज्जाव नाही, फक्त ती खरी हवीत.

त्या मुलीने आपला तक्ता फाडला नाही. ‘संदर्भ’ या शब्दाखालचे परिशिष्टाचे नाव खोडून तिने वर्गाची ती दोन ओळींची सिद्धता लिहिली. खोडलेले नाव तिने दारावरच्या पुठ्ठ्याच्या पुस्तकांत लावले आणि कंसात लिहिले : ‘प्रत उपलब्ध झाल्यास ग्रंथपालांना कळवावे.’