रेकॉर्ड मोडला, रेकॉर्ड जोडला

पायथनमध्ये डेटाक्लास लिहिला, त्याची डिक्शनरी केली, मोंगोडीबीत टाकली. झालं! टेबलं नकोत, जॉइन नकोत. मग मधली चाळीसेक वर्षं लोक टेबलं कशाला करत बसले? संशोधनाचा डेटा साठवायला घेण्याआधी हे बघून ठेवा.

रेकॉर्डच्या आत रेकॉर्ड ही कल्पना जुनीच. 1960च्या कोबोलमध्ये लेव्हल नंबर देऊन तसं लिहायचे आणि फाइलमध्येही साधारण तोच आकार जायचा.

1970 मध्ये आयबीएमच्या एडगर कॉडने हा आकार मोडला. त्याच्या पेपरमधलं उदाहरण मुळातूनच वाचा. एक कर्मचारी, त्याच्या आत कामांचा इतिहास, त्याच्याही आत पगाराचा इतिहास, शिवाय मुलं. कॉड याची चार टेबलं करतो आणि कर्मचाऱ्याचा क्रमांक चारही टेबलांत उतरवतो. कारण त्याला प्रोग्राम आणि साठवण एकमेकांपासून सोडवायची होती. साठवणीचा आकार बदलला की त्या आकारावर बेतलेले प्रोग्राम मोडायचे, हे त्याचं मुख्य दुखणं.

2009 मध्ये मोंगोडीबी आलं आणि रेकॉर्ड पुन्हा अख्खा ठेवता येऊ लागला (आता एका डॉक्युमेंटला 16 एमबीची मर्यादा आहे, बरं का). आकार परत आला, पण टाइप पूर्ण आला नाही.

पास्कलमधला व्हेरिअंट रेकॉर्ड आठवा: आकृती वर्तुळ असेल तर त्रिज्या, आयत असेल तर लांबी-रुंदी. यातलं नेमकं काय आहे, ते सांगायला एक टॅग फील्ड. गंमत म्हणजे पास्कल तो टॅग गाळूही द्यायचं! डॉक्युमेंटमध्ये तो गाळला तर वाचणाऱ्याने अंदाज बांधायचा. म्हणून स्प्रिंगसारखी साधनं न सांगता एक जादा फील्ड घालतात आणि त्यात जावा क्लासचं पॅकेजसकट पूर्ण नाव लिहितात. म्हणजे कॉडने सोडवलेली गाठ आपण परत मारली. उद्या क्लासचं नाव बदललं तरी जुन्या डॉक्युमेंटमध्ये जुनंच राहतं, आणि तुमचा डेटा आरमध्ये उघडणाऱ्याला त्या नावाचा काय उपयोग?

मी टॅग स्वतःच लिहिते. प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये दोन फील्ड: 'प्रकार' आणि 'आवृत्ती'. रचना बदलली की आवृत्ती एकने वाढवायची, आणि कोणत्या आवृत्तीत काय बदललं ते डेटाशेजारच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टिपून ठेवायचं.