जनपथावरील दप्तर

दिल्लीस जनपथावर ल्यूटेन्सच्या आराखड्याची, 1926 साली उभी राहिलेली राष्ट्रीय अभिलेखागाराची इमारत आहे. कंपनी सरकारच्या अमदानीपासूनचे दप्तर तिच्या पोटात आहे. हे खाते 1891 साली कलकत्त्यास निघाले, तेव्हा दप्तर राखावयाचे ते सरकारच्या सोयीसाठी, अशीच समजूत होती. राजवाड्यांसारखे संशोधक गावोगाव हिंडून कागद जमवीत होते, त्या काळी पुण्याचे पेशवे दप्तरही सरकारी कुलपातच होते. त्यातील निवडक कागदांचे 45 खंड सरदेसायांनी काढले, ते 1930 नंतर.

दिल्लीचे दार संशोधकांसाठी 1939 साली उघडले. त्याच साली सुरेंद्रनाथ सेन या खात्यावर आले. मराठ्यांच्या राज्यकारभारावर ग्रंथ लिहिणाऱ्या या बंगाली पंडितास अभ्यासकाची अडचण परकी नव्हती.

पण उघडले म्हणजे काय? वाचकाने मागणी नोंदवावी. बस्ता कोठारातून काढून आणील तो कर्मचारी. वाचकाने पाहावे, टिपून घ्यावे; कागदावर रेघ ओढण्याचीही मुभा नाही. हा जाच वाटतो खरा. परंतु सनदेतील एक आकडा कोणी खोडला, तर पुढच्या प्रत्येक वाचकास तो खोटाच दिसणार! कोठाराची किल्ली हाती न देता कागद दाखविता येतो, म्हणूनच तो अनोळखी माणसासही दाखविता येतो.

2015 पासून ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर नागपूरचा अभ्यासकही यांतले पुष्कळ कागद घरबसल्या वाचू शकतो. त्याला दिसते ती प्रत; मूळ बस्ता जनपथावर बांधलेलाच असतो.